सायनस आणि चक्कर: नाकाचा इलाज करताना कानाकडेही बघा

तुम्ही लिहिलंय की सायनस बरीच वर्षं आहे पण गेले काही महिने डोकं हलकं होऊन झोक जातो, एकटं बाहेर पडायची भीती वाटते, चक्करची गोळी रोज चालू आहे आणि सीटी स्कॅनमध्ये सायनसला सूज दिसली म्हणून सगळं त्यामुळेच होतंय असं सांगितलंय. मलाही हा त्रास खूप वर्षांपासून आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हे नीट बघा की तुम्हाला नक्की होतं काय. खोली, भिंती गरगर फिरतात का, की डोकं जड, तरंगल्यासारखं आणि चालताना एका बाजूला गेल्यासारखं वाटतं? सायनसमुळे होतं ते बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारचं. नाकाच्या मागच्या भागातून मधल्या कानापर्यंत एक बारीक नळी जाते, युस्टेशियन ट्यूब म्हणतात तिला, आवंढा गिळला किंवा जांभई दिली की ती उघडते आणि कानातला दाब बाहेरच्या हवेएवढा होतो. नाकात कायम सूज असली की या नळीचं तोंडही सुजतं, ती नीट उघडत नाही, मग कानात दडे बसतात, आपलाच आवाज घुमतो आणि तोल जरा डळमळीत होतो. माझं तर केस धुताना कळायचं, साबण जाऊ नये म्हणून डोळे मिटले की लगेच भिंत धरावी लागायची, कारण तोल सांभाळायला डोळ्यांची जी मदत होते तीच तेवढ्यापुरती बंद होते. त्यात नाक चोंदल्यामुळे रात्रभर तोंडाने श्वास, झोप अर्धवट, सकाळी उठल्यापासूनच डोकं जड.

पण गादीवर कुशी बदलली किंवा वरच्या फळीवरचं काही बघायला मान वर केली की जोरात गरगरतं आणि मिनिटभराच्या आत थांबतं, असं होत असेल तर ते सायनसचं नाही हो. ते बहुतेक बीपीपीव्ही असतं, आतल्या कानातले कॅल्शियमचे बारीक कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत शिरतात त्यामुळे होतं. याला गोळ्या लागतच नाहीत फारशा, डॉक्टर तुम्हाला टेबलावर झपकन आडवं करून डोळ्यांची हालचाल बघतात आणि एपली नावाच्या पद्धतीने डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते कण परत जागेवर नेतात, पुष्कळ जणांना एकदोन वेळातच आराम पडतो. लोक वर्षानुवर्षं सायनस सायनस करत बसतात आणि ही साधी तपासणी होतच नाही याचं मला फार वाईट वाटतं.

तसंच मायग्रेनचं. मायग्रेनमध्येही कपाळ, गाल ठणकतात, नाक चोंदतं, पाणी येतं आणि चक्करही येते. डोकं दुखताना उजेड किंवा आवाज सहन होत नसेल, मळमळत असेल आणि नाकातून घट्ट पिवळट काही येत नसेल तर डॉक्टरांना मायग्रेनबद्दल स्पष्ट विचारा. स्कॅनमध्ये सूज दिसली एवढ्यावर जाऊ नका, ज्यांना काहीच त्रास नाही अशांच्या स्कॅनमध्येही थोडी सूज दिसते. जुनाट सायनस म्हणायला नाक चोंदणं, घट्ट स्राव किंवा घशात कफ उतरणं, चेहऱ्यावर दाब, वास कमी येणं यातली लक्षणं 12 आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेली असावी लागतात. ईएनटीकडे जाल तेव्हा नाकाची एंडोस्कोपी आणि कानाची ऐकण्याची आणि दाबाची तपासणी, दोन्ही करून घ्या. बीपी, हिमोग्लोबिन, शुगर, बी12 पण बघून घ्या, यातलं काहीही बिघडलं तरी भोवळ येते.

आता गोळ्यांचं. प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन अशा गोळ्या जोराची चक्कर असते तेव्हा थोडे दिवस घ्यायच्या असतात, महिनोनमहिने घेतल्या तर मेंदूला तोल नव्याने सावरायची सवयच लागत नाही आणि सुस्ती येते ती वेगळीच. तुमची कुठली आहे ती बघा, आपण होऊन बंद करू नका पण किती दिवस घ्यायची हे विचाराच. सर्दीच्या जुन्या गोळ्यांमध्ये, म्हणजे क्लोरफेनिरामिन वगैरे, त्यानेही गुंगी येते आणि आपल्याला वाटतं चक्कर वाढली. आणि नाक लगेच मोकळं करणारे थेंब, झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन, हे चारपाच दिवसांपलीकडे नकोच, नंतर नाक उलट जास्त चोंदायला लागतं.

खरा उपयोग होतो तो स्टिरॉइड स्प्रे आणि मिठाच्या पाण्याने नाक धुण्याचा, पण दोन्ही रोज आणि नीट करायला हवं. स्प्रे मारताना डोकं मागे टाकायचं नाही, किंचित पुढे झुकायचं, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, म्हणजे नोझल आपोआप मधल्या पडद्याकडे न जाता बाहेर डोळ्याच्या कोपऱ्याकडे वळतं. पडद्यावर मारत राहिलं की रक्त येतं आणि लोक स्प्रेच सोडून देतात. जोरात ओढायचं नाही, घशात कडू लागलं तर औषध नाकात राहिलंच नाही समजा. फरक दिसायला काही आठवडे जातात, चार दिवसांत नाही आला म्हणून थांबवू नका.

नाक धुवायचं पाणी उकळून कोमट केलेलं किंवा डिस्टिल्डच हवं. नळाचं थेट कधीच नाही, त्यातला नेग्लेरिया नावाचा अमीबा नाकावाटे मेंदूत गेला तर जिवावर बेततं, असं होणं दुर्मिळ आहे पण उकळायला वेळ तो किती लागतो. साधारण 240 मिली पाण्यात अर्धा छोटा चमचा आयोडीन नसलेलं मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा. धुवून झाल्यावर दोन्ही नाकपुड्या दाबून जोरात शिंकरू नका, पाणी कानाकडे ढकललं जातं, एकेक बाजू हलकेच शिंकरा. वाफेने तेवढ्यापुरतं बरं वाटतं, घ्यायची तर घ्या पण चक्कर असताना उकळत्या पातेल्यावर वाकणं धोक्याचं आहे.

उठताना आधी कुशीवर, मग बसून थोडं थांबून मग उभं राहा. उशी जरा उंच. चक्कर असेल त्या दिवशी गाडी चालवायची नाही, स्टुलावर चढायचं नाही. अचानक एका कानाने ऐकू येईनासं झालं, दोन दोन दिसायला लागलं, बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हातपाय लुळा पडला, किंवा डोळ्याभोवती सूज आणि जोराचा ताप, असं काहीही झालं तर घरी थांबूच नका, तडक हॉस्पिटल.

आणि बाहेर पडायच्या भीतीबद्दल, ती मला अगदी समजते. पण झोपून राहिल्याने तोल अजून बिघडतो, खरंच. कुणाला तरी सोबत घेऊन रोज थोडं चालायला सुरुवात करा, चालताना जमिनीकडे न बघता समोर लांब बघा, आणि ईएनटीला तोल सावरायच्या व्यायामांबद्दल विचारा, व्हेस्टिब्युलर रिहॅब म्हणतात त्याला, ते शिकवणारे फिजिओथेरपिस्ट असतात.