‘बाप कसा गेला, पोराले सांगू का?’

गडचिरोलीत समुपदेशन करताना मला हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आहे. विचारणाऱ्या बहुतेक बाया भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरचीकडच्या. नक्षलवाद्यांनी नवऱ्याला पोलिसांचा ‘खबरी’ ठरवून रात्री घरातून नेलं, सकाळी प्रेताशेजारी पत्रक सापडलं, आणि काही दिवसांतच लेकरं आणि भांडीकुंडी घेऊन बाई शहराच्या कडेला भाड्याच्या खोलीत आली. मूल तेव्हा पाच-सहा वर्षांचं. त्याला सांगितलं, बाबाला साप चावला. आता ते आठवीत गेलंय, शाळेत कुणीतरी काहीतरी बोललंय, आणि आईचा जीव टांगणीला लागलाय.

इथे लिहितेय ती हकिगत अनेक कुटुंबांची मिळून एक केलेली आहे. ओळख पटेल असं सगळं बदललंय.

ही माणसं कशातून आली ते आधी थोडक्यात सांगते, नाहीतर त्यांचं गप्प राहणं कळणार नाही. १९८० च्या सुमारास आंध्रातून सिरोंचाच्या बाजूनं नक्षलवाद्यांची दलं या जंगलात उतरली. तेव्हापासून गावात रात्री दादालोक आले की भात रांधायचा, आणि दिवसा पोलीस आले की रात्री कोण जेवून गेलं याचं उत्तर द्यायचं. नाही म्हणायची सोय दोन्हीकडे नव्हती. इंद्रावतीपलीकडे छत्तीसगडात २००५ मध्ये सलवा जुडूम, म्हणजे सरकारच्या पाठिंब्यानं गावकऱ्यांनाच हत्यारं देऊन चालवलेली नक्षलविरोधी मोहीम, सुरू झाल्यावर तर गावंच्या गावं रिकामी झाली. काही लोकांना छावण्यांत नेलं, काही जंगल तुडवत तेव्हाच्या आंध्रात गेले. सर्वोच्च न्यायालयानं ५ जुलै २०११ ला ही व्यवस्था बेकायदा ठरवली, पण सुटलेलं गाव निकालानं परत मिळत नाही. देशाच्या आतच संघर्षामुळे विस्थापित झालेल्यांसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. धरणात जमीन गेली तर निदान पुनर्वसनाचा कायदा दाखवता येतो. या बायांकडे दाखवायला असतो तो फक्त ‘नक्षलपीडित’ असा शेरा.

अशा गावात कमी बोलणारा माणूस टिकतो. म्हणून या आयांच्या गप्प राहण्याला मी कधी दोष देत नाही. त्या मौनानंच त्यांना आणि लेकरांना जिवंत ठेवलं. अडचण शहरात आल्यावर सुरू होते. धोका मागे राहतो, मौन मात्र घरात तसंच राहतं.

आता त्या मुलाबद्दल. वसतिगृहाच्या सरांनी त्याला माझ्याकडे पाठवलं, कारण दप्तरवाटपाच्या कार्यक्रमात नाव पुकारल्यावर तो मंचावर चढला, गणवेशातल्या साहेबांनी दप्तर पुढे केलं, आणि हा तसाच पाठ फिरवून उतरला. सरांना तो माज वाटला. त्याआधी खेळात पहिला येऊनही त्यानं बक्षीस घेतलं नव्हतं. आईचं म्हणणं, पोलिसाला घाबरतो, दुसरं काही नाही.

“म्याडम, त्याले काहीच आठवत नाही. त्या राती झोपून होता तो.”

मूल झोपलं होतं, असं मला जवळजवळ प्रत्येक आईनं सांगितलंय. पाच वर्षांचं मूल, दाराशी अनोळखी आवाज, आईचं रडणं, आणि ते झोपलेलं? डोळे मिटलेले असतील.

मी मुलांना ‘तुला कसं वाटतं’ असं विचारत नाही. त्या प्रश्नाला ‘बरं’ याखेरीज उत्तर मिळत नाही. मी त्यांच्याकडून गाव काढून घेते. मोठा कागद, पेन्सिल, आणि आई शेजारी. माझी भूमिका पहिल्यापासून अशी की मुलाला एकट्याला दुरुस्त करून घरी पाठवण्यात अर्थ नाही. दुखणं घरभर पसरलेलं असतं, तेव्हा घरानं एकत्रच बसायला हवं. आणि घटनेपर्यंत पोचण्याआधी जागेपर्यंत जावं. गाव म्हणजे काही फक्त ती एक रात्र नव्हे. तिथं नाला होता, मोहाची झाडं होती, गोटुल म्हणजे गावानं एकत्र जमायचं घर होतं, आजी होती. या कुटुंबांनी त्या एका रात्रीपायी सगळं गावच बोलायचं सोडून दिलेलं असतं.

पहिल्या खेपेला त्यानं चार रेघा ओढल्या. पुढच्या वेळी नाला आला, विहीर आली. मग आईला राहवलं नाही.

“गोटुल नाल्याच्या या अंगाले नव्हता रे. त्या अंगाले.”

“याच अंगाले होता.”

दोघं माडियात, त्यांच्या घरच्या बोलीत, वाद घालायला लागले. मला थोडीफार माडिया समजते, पण त्या दिवशी समजून घेण्यापेक्षा ऐकत राहणं महत्त्वाचं होतं. इतक्या वर्षांत गावाबद्दल ते पहिल्यांदाच एकमेकांशी भांडत होते. आईनं स्वतः पेन्सिल घेतली, झाडं काढली, नवऱ्याचं धानाचं शेत काढलं. नकाशा भरत आला. गोटुलासमोरची जागा तेवढी कोरी राहिली.

मी विचारलं, “इथे काय होतं?”

“पटांगण,” आई म्हणाली. मुलानं पेन्सिल खाली ठेवली. बराच वेळ गेला. अशा वेळी समुपदेशकाला काहीतरी बोलण्याचा मोह होतो. तो आवरणं हे या कामातलं सगळ्यात मोठं कसब आहे असं मी मानते, आणि ते मला साधलंय.

“तिथं चेंडू भेटला होता,” तो म्हणाला.

पोलिसांचा जनजागरण मेळावा झाला होता. मुलांना वह्या, बिस्किटं, चेंडू वाटले. बाबा म्हणाला होता, परत देऊन ये. यानं दिला नव्हता, धानाच्या ढोलीमागे लपवला होता.

“मी चेंडू घेतला म्हनून बाबाले नेलं.”

सात-आठ वर्षं हे पोर हा हिशेब एकटं वाहत होतं. साप चावला ही गोष्ट त्यानं कधी खरी मानलीच नव्हती. आईला त्रास नको म्हणून ती खरी मानल्यासारखं वागत होता. दप्तर, बक्षीस, जे कुणी हातात ठेवेल ते नाकारत होता, कारण त्याच्या लेखी एकदा घेतल्याची किंमत बापानं दिली होती.

आई आधी सुन्न झाली. मग तिनं जे विचारलं ते मला सुचलं नसतं.

“चेंडू त त्या दिवशी धा-बारा पोरांले भेटला. मंग त्या सगळ्यांचे बाप मारले का?”

मुलानं मान वर केली. हा प्रश्न त्याला कुणी कधी विचारलाच नव्हता. आई बोलत राहिली. मेळाव्यानंतर जवळच चकमक झाली होती, दलाचा संशय आजूबाजूच्या गावांवर होता, आणि बाबा कामासाठी तालुक्याला जाऊन-येऊन असायचा, म्हणून बोट त्याच्याकडे वळलं. त्यानं कुणाला काही सांगितलं नव्हतं. आणि मग, मुलाकडे न बघता, ती म्हणाली, “त्याले पळून जायचं होतं. मीच म्हनलं, धान कापून झाल्यावर जाऊ.”

एका दहा बाय दहाच्या खोलीत दोन माणसं. दोघंही स्वतःलाच गुन्हेगार समजत होती, आणि दुसऱ्याला जपायचं म्हणून दोघंही गप्प होती. ज्यांनी माणूस मारला ते या हिशेबात कुठेच नव्हते. तेव्हापासून ‘पोराले सांगू का’ म्हणून कुणी आली की मी आधी तिलाच विचारते, ताई, तुम्ही स्वतःला कशाबद्दल दोष देता? बहुतेकींकडे उत्तर तयार असतं.

तर, सांगायचं का? हो. मुलाला अर्धं माहीत असतं आणि उरलेलं अर्धं ते स्वतःच्या चुकीनं भरून काढतं. पण कसं सांगायचं, याला महत्त्व आहे.

सुरुवात ‘यात तुझं काहीच चुकलं नव्हतं’ इथून करा, मुलानं विचारलं नसलं तरी. दिवसा सांगा, झोपायच्या वेळी नको. दोन-तीन वाक्यं पुरतात: बाबा आजारानं नाही गेले, त्यांना मारलं, त्यांच्यावर खोटा संशय घेतला होता. प्रेताचं वर्णन नको. पुढे मूल विचारेल तेवढंच सांगा, पण विचारेल त्याचं खोटं उत्तर देऊ नका. दलाला घर दाखवायला गावातलं कोण आलं होतं, हे नाव लहान वयात मुलाच्या हाती देऊ नका. ते त्याला पेलत नाही, आणि सूडाची वाट तिथूनच फुटते. हे कुणाजवळ बोलायचं आणि कुणाजवळ नाही, तेही त्याच बैठकीत ठरवा. बापाच्या मरणासोबत त्याचं जगणंही सांगा. तो नाच कसा करायचा, मासे कुठे धरायचा. माडिया लोकांत मेलेल्या माणसाच्या नावानं दगड उभा करतात. पळून आलेल्या अनेकांचा तो राहून गेलाय. जिथे सुरक्षित असेल तिथे नातेवाइकांकरवी का होईना, तो विधी करून घ्या. माझ्या कुठल्याही बैठकीपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो, हे मी पाहिलंय.

शिक्षकांना कळकळीची विनंती: या मुलांना ‘पीडित’ म्हणून मंचावर उभं करू नका. वस्तू द्यायची तर वर्गात सगळ्यांबरोबर द्या. त्याच बाकावर कदाचित चकमकीत मारल्या गेलेल्या नक्षलवाद्याचं मूल बसलेलं असतं. गोळी कुणाची होती यावरून मुलाचा प्रश्न बदलत नाही. त्यालाही वाटतं, माझ्यामुळे झालं का? दोघांपैकी एकाचा बाप चांगला आणि दुसऱ्याचा वाईट, असा निवाडा वर्गात नको. जुलैच्या शेवटी नक्षल्यांचा हुतात्मा सप्ताह येतो, तेव्हा बंदच्या बातम्यांनी या मुलांची झोप मोडते. त्या आठवड्यात अभ्यासाचा तगादा थोडा सैल सोडा. मूल महिनोन्‌महिने दचकून उठत असेल, अंथरूण ओलं करत असेल, मरणाची भाषा करत असेल तर जिल्हा रुग्णालयात न्या किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षलवाद्यांचा वरिष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती यानं गडचिरोलीत साठ साथीदारांसह शस्त्रं खाली ठेवली. त्यानंतर बाया नवा प्रश्न घेऊन येतात: आता गावाले परत जाऊ का? याचं उत्तर मी देत नाही, ते मुलाला धरून घरानं ठरवायचं. एवढं मात्र सांगते की पहिल्यांदा आठवडी बाजाराच्या दिवशी उजेडी जा आणि उजेडीच परत या. सोबत मुलाला विश्वास वाटेल असं कुणीतरी घ्या. रात्रीचा मुक्काम पुढच्या खेपेला, तोही मूल हो म्हणालं तर. शहरातली खोली लगेच सोडू नका. आणि शाळेचं वर्ष अर्ध्यावर असताना पोराचं नाव काढू नका.