अपग्रेडनंतर हार्ड डिस्क दिसेना : वाचकांचे प्रश्न

विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हापासून एकाच तक्रारीची पत्रं जास्त येत आहेत : संगणक नव्या आवृत्तीवर नेला आणि बाहेरून जोडायची हार्ड डिस्क दिसायची बंद झाली. मॅक आणि लिनक्स वापरणाऱ्यांचीही त्यांत भर आहे. उत्तरांकडे वळण्याआधी सगळ्यांना लागू पडणारी एकच सूचना. पडद्यावर 'फॉरमॅट' किंवा 'इनिशलाइझ' करायचं का, असं विचारलं गेलं तर 'कॅन्सल' दाबा. डेटा जातो तो बहुतेक वेळा अपग्रेडमुळे नाही, या प्रश्नाला घाईत 'हो' म्हटल्यामुळे.

प्रश्न : विंडोज १० वरून ११ वर गेल्यापासून माझी २ टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क 'धिस पीसी'मध्ये दिसत नाही. दिवा लागतो, डिस्क फिरल्याचे हाताला जाणवते, जोडल्यावर संगणकाचा आवाजही येतो. आत घरातले सगळे फोटो आहेत. ते न गमावता काय करता येईल?

उत्तर : आवाज येतोय ही चांगली खूण आहे. डिस्कला वीज पोचते, केबलमधल्या डेटाच्या तारा शाबूत आहेत आणि काहीतरी जोडलं गेल्याचं विंडोजला कळलंय. 'धिस पीसी'मध्ये मात्र ज्यांना ड्राइव्हचं अक्षर मिळालं आहे तेवढेच विभाग (पार्टिशन) दिसतात. त्यामुळे तिथे बघून निष्कर्ष काढू नका.

स्टार्ट बटणावर राइट-क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. वरची यादी सोडा, खालचा अर्धा भाग बघा. तिथे प्रत्येक डिस्कची एक आडवी ओळ असते आणि डावीकडच्या राखाडी चौकटीत 'डिस्क ०', 'डिस्क १' असा क्रमांक व आकार लिहिलेला असतो. तुमची डिस्क १८६३ जीबीच्या आसपास दिसेल. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४च्या, म्हणून हा फरक. काही कमी झालेलं नाही. आकारावरून आपली ओळ नक्की करा, कारण शेजारची ओळ तुमच्या सी ड्राइव्हची आहे.

आता त्या ओळीत काय दिसतं त्यावर पुढचं अवलंबून. निळी पट्टी आहे, 'एनटीएफएस' (डिस्कवर फाइली मांडायची विंडोजची पद्धत) आणि 'हेल्दी' लिहिलंय, फक्त अक्षर नाही, असं असेल तर काम मिनिटभराचं. पट्टीवर राइट-क्लिक, 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स', मग 'ॲड', आणि आर किंवा टीसारखं शेवटाकडचं अक्षर द्या. सुरुवातीची अक्षरं मेमरी कार्डाच्या खाचा आणि ऑफिसचे नेटवर्क ड्राइव्ह पटकावतात. अपग्रेडनंतर या वाटपात बदल झाला की जुनं अक्षर दुसऱ्याकडे जातं आणि तुमची डिस्क बिनअक्षराची राहते. अक्षर देऊनही दर वेळी ते नाहीसं होत असेल तर आपोआप जोडून घेण्याची सोय बंद पडलेली असू शकते. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'डिस्कपार्ट', मग 'ऑटोमाउंट एनेबल' आणि शेवटी 'एक्झिट' या आज्ञा द्या (टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायच्या).

डाव्या चौकटीत 'ऑफलाइन' लिहिलं असेल तर त्याच चौकटीवर राइट-क्लिक करून 'ऑनलाइन' निवडा. एका डिस्कची हुबेहूब नक्कल केलेली दुसरी डिस्क त्याच वेळी जोडलेली असेल तर दोघींची सही (डिस्कचा ओळख क्रमांक) सारखी भरते आणि विंडोज एकीला बाजूला ठेवते. 'फॉरेन' लिहिलं असेल तर ती दुसऱ्या संगणकावर तयार झालेली डायनॅमिक डिस्क आहे. तिथे 'इम्पोर्ट फॉरेन डिस्क्स' चालतं. 'कन्व्हर्ट टू बेसिक'च्या वाटेला जाऊ नका, त्यासाठी आधी सगळे विभाग पुसावे लागतात.

काळी पट्टी आणि 'अनॲलोकेटेड' दिसलं, किंवा विभागापुढे 'रॉ' (म्हणजे आतली मांडणी विंडोजला ओळखता येत नाही) असं आलं, तर थांबा. नवा व्हॉल्यूम बनवू नका. आधी तीच डिस्क, त्याच केबलने, जुन्या विंडोजच्या किंवा निदान दुसऱ्या एखाद्या संगणकाला लावून बघा. तिथे उघडली तर लगेच सगळं उतरवून घ्या आणि मग दोष तुमच्या संगणकात शोधा. तिथेही तेच दिसलं तर पुढचं उत्तर वाचा. आणि आकाराच्या जागी 'नो मीडिया' किंवा शून्य येत असेल, तर डब्यातला यूएसबीचा सर्किट बोर्ड बोलतोय, पण आतली डिस्क गप्प आहे. तो हार्डवेअरचा बिघाड, त्यावर सेटिंगचा उपाय नाही.

प्रश्न : अपग्रेड सुरू असताना संगणक स्वतःहून बंद-चालू होत होता, तेव्हा डिस्क ओढून काढली. आता जोडली की 'एफ ड्राइव्ह वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा' असा संदेश येतो. क्विक फॉरमॅट केल्यास डेटा परत मिळतो असे ऐकले. करावे का?

उत्तर : करू नये. क्विक फॉरमॅटमध्ये फाइलींचा मजकूर जागेवर राहतो हे खरं, पण फाइलींची नावं, फोल्डरांची रचना आणि कुठला तुकडा कुठे आहे याची नोंद नव्याने लिहिली जाते. परत मिळतं ते बिननावाच्या फाइलींचं गाठोडं. 'क्विक'ची खूण चुकून निघाली तर तेवढंही हाती लागत नाही, कारण विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट अख्ख्या विभागावर शून्यं लिहितो.

डिस्क एक्सफॅट (विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालणारी मांडणी) असेल तर अशी ओढाओढ तिला जास्त भोवते. एनटीएफएस मांडणीतल्या प्रत्येक बदलाची आधी नोंद ठेवते आणि पुढच्या वेळी त्यावरून स्वतःला सावरते. एक्सफॅटमध्ये अशी नोंदवही नाही.

पहिलं काम म्हणजे डिस्कची तब्येत तपासणं. 'क्रिस्टलडिस्कइन्फो' या मोफत प्रोग्रॅममध्ये ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळींचे मूळ आकडे बघा. बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), वाचायला अडणारे सेक्टर आणि अजिबात न वाचता येणारे सेक्टर, असा त्यांचा अर्थ. हे आकडे हेक्साडेसिमल (सोळाच्या पटीत मोजण्याच्या) पद्धतीत दिसतात, पण शून्य म्हणजे शून्यच. सी५ शून्यापेक्षा जास्त असेल तर दुरुस्तीचा कुठलाही प्रोग्रॅम चालवण्याआधी डिस्कची प्रतिमा (हुबेहूब प्रत) दुसऱ्या, तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर काढून घ्या. त्यासाठी लिनक्सवरचं 'डीडीरेस्क्यू' सगळ्यात भरवशाचं : ते आधी सहज वाचता येणारा भाग उतरवतं आणि अडणाऱ्या जागा शेवटी ठेवतं.

तब्येत ठीक असेल तर 'टेस्टडिस्क' या प्रोग्रॅमने विभाग शोधा, आतल्या फाइली यादीत दिसतात का बघा आणि त्या दुसऱ्या डिस्कवर काढा. त्याच डिस्कवर परत लिहायचं नाही. लोक इथेच चुकतात. विंडोजचं 'चेकडिस्क' मात्र 'रॉ' विभागावर चालतच नाही, तसा संदेश देऊन थांबतं. आणि जिथे चालतं तिथेही त्याचा भर रचना नीट करण्यावर असतो, तुमच्या फाइली वाचवण्यावर नाही. म्हणून ते फाइली उतरवून झाल्यावर.

डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर यातलं काहीही नको. वीज काढा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे द्या. चालू ठेवलेला प्रत्येक तास नुकसान वाढवतो.

प्रश्न : अपग्रेडनंतर डिस्क जोडली की दिसते, दोन-तीन मिनिटांत जाते, पुन्हा येते. मोठी फाइल कॉपी करताना हमखास. केबल बदलून पाहिली. ड्रायव्हरचा दोष असेल का?

उत्तर : असू शकतो, पण आधी विजेचा हिशेब. यूएसबी २च्या पोर्टमधून प्रमाणानुसार ५०० मिलिअँपिअर मिळतात, यूएसबी ३मधून ९००. फिरणारी अडीच इंची डिस्क सुरू होताना याच्या काठावर असते. स्वतःचा अडॅप्टर नसलेला हब मध्ये असेल तर तो काढा. डेस्कटॉप असेल तर पुढच्या पोर्टऐवजी मागचा, थेट मदरबोर्डवरचा पोर्ट वापरा. चपट्या, दोन भागांच्या पिनची केबल डिस्कच्या बाजूला हलते का तेही बोटाने तपासा.

मग अंदाज बांधण्याऐवजी विंडोजलाच विचारा. 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडून 'विंडोज लॉग्स'मधल्या 'सिस्टीम'मध्ये डिस्क गेली त्या वेळेच्या नोंदी आणि त्यांचे क्रमांक बघा. १५७ म्हणजे डिस्क अचानक निघाली. स्रोत 'यूएएसपीस्टोअर' असलेली १२९ म्हणजे डिस्कने वेळेत उत्तर दिलं नाही म्हणून तिला रीसेट करावं लागलं. संशय केबल, डब्यातला बोर्ड किंवा ड्रायव्हर यांच्यावर. क्रमांक ७ म्हणजे खराब ब्लॉक, आणि तिथे ड्रायव्हरला दोष देण्यात अर्थ नाही.

१२९ आणि १५७ याच नोंदी असतील तर 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये 'व्ह्यू'खालचं 'शो हिडन डिव्हाइसेस' निवडा. 'डिस्क ड्राइव्ह्ज' आणि 'युनिव्हर्सल सीरियल बस कंट्रोलर्स' या दोन गटांत जुन्या जोडणीच्या फिकट नोंदी दिसतील. त्यांतल्या याच डिस्कच्या नावाच्या किंवा 'मास स्टोरेज' लिहिलेल्या नोंदी अनइन्स्टॉल करा, डिस्क काढून संगणक रीस्टार्ट करा आणि पुन्हा जोडा. प्रत्येक 'यूएसबी रूट हब'च्या 'पॉवर मॅनेजमेंट'मधली वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करू देण्याची खूण काढा. पॉवर प्लॅनमध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' दिसला तर तोही बंद. एवढ्यावर भागलं नाही तर लॅपटॉप किंवा मदरबोर्ड बनवणाऱ्याच्या साइटवरून नव्या विंडोजसाठीचा चिपसेट ड्रायव्हर घ्या. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' म्हणणाऱ्या प्रोग्रॅमांपासून मात्र चार हात लांब राहा.

प्रश्न : मॅकबुकवर नवीन मॅकओएस घेतले. एक्सफॅट डिस्क अजिबात दिसत नाही आणि एनटीएफएस डिस्कवर आता काहीच लिहिता येत नाही.

उत्तर : कारणं दोन आहेत, एकमेकांशी संबंध नाही.

२०२२च्या व्हेंचुरा या मॅकओएस आवृत्तीपासून ॲपल सिलिकॉनच्या (ॲपलची स्वतःची चिप असलेल्या) लॅपटॉपवर नवं उपकरण जोडलं की परवानगी विचारली जाते. ती नाकारली गेली, किंवा पडदा लॉक असताना डिस्क जोडली, तर वीज मिळते पण डेटा जात नाही. 'सिस्टीम सेटिंग्ज'मधल्या 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'त ॲक्सेसरीजची नोंद बघा, लॉक उघडून डिस्क पुन्हा जोडा. मग 'डिस्क युटिलिटी'त 'व्ह्यू'मधून 'शो ऑल डिव्हाइसेस' निवडा. डिस्क यादीत असून विभाग फिकट असेल आणि 'माउंट' दाबूनही काही होत नसेल, तर 'ॲक्टिव्हिटी मॉनिटर'मध्ये 'एफएससीके एक्सफॅट' नावाची प्रक्रिया चालू आहे का पाहा. याआधी डिस्क न सांगता काढली असेल तर मॅक तिची तपासणी करत असतो आणि ती संपेपर्यंत डिस्क दाखवत नाही. मोठ्या डिस्कला बराच वेळ लागतो. पुन्हा ओढून काढलीत तर तपासणी पुन्हा पहिल्यापासून.

एनटीएफएस मॅक नुसतं वाचतो, लिहीत नाही. तुम्ही आजवर लिहीत होता ते वेगळ्या ड्रायव्हरच्या जोरावर, आणि तो जुन्या मॅकओएससाठी बनलेला होता. त्याची नवी आवृत्ती घ्या. तो कर्नल एक्स्टेन्शन (प्रणालीच्या गाभ्यात शिरणारा भाग) वापरत असेल तर ॲपल सिलिकॉनवर रिकव्हरीत जाऊन 'रिड्यूस्ड सिक्युरिटी' निवडावी लागते. एका डिस्कसाठी एवढी सूट द्यावी का याचा विचार करा. डिस्क विंडोजलाही लावायची असेल तर डेटा उतरवून ती एक्सफॅट करणं आम्हाला जास्त बरं वाटतं. 'ही डिस्क वाचता येत नाही' असा संदेश आला तर 'इग्नोर' दाबा, 'इनिशलाइझ' नाही.

प्रश्न : लिनक्स अपग्रेड केल्यावर संगणक थेट 'इमर्जन्सी मोड'मध्ये उघडतो. बाहेरची डिस्क 'एफएसटॅब'मध्ये (सुरू होताना जोडायच्या डिस्कांच्या यादीत) नोंदवलेली आहे. दुसरी एक एनटीएफएस डिस्क विंडोजवर चालते, इथे नाही.

उत्तर : नोंद 'एसडीबी१'सारख्या नावाने केली असेल तर ते नाव कायम राहीलच असं नाही. तिथे विभागाचा यूयूआयडी (त्याचा स्वतःचा ओळख क्रमांक) घाला आणि पर्यायांत 'नोफेल' जोडा. मग डिस्क नसली तरी संगणक अडणार नाही. एनटीएफएसचं कारण बहुधा विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप'. त्यात 'शट डाउन' म्हणजे अर्धवट झोप असते, डिस्कवर 'वापरात' अशी खूण राहते आणि कर्नल ५.१५पासून आलेला 'एनटीएफएस३' ड्रायव्हर खूण असलेली डिस्क जोडून घ्यायला नकार देतो. बळजबरीचा पर्याय वापरू नका. विंडोजवर चेकडिस्क चालवा, डिस्क 'इजेक्ट' करून काढा आणि तिथलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा.

प्रश्न : डिस्क उघडते, पण '४८ अंकी रिकव्हरी की' मागते. पूर्वी पासवर्डही लागत नव्हता.

उत्तर : ती विंडोजच्या बिटलॉकर या सोयीने कुलूपबंद केलेली आहे. जुन्या विंडोजवर 'या संगणकावर आपोआप उघडा' अशी सोय चालू असणार, ती गेली. पासवर्ड ठरवलेला आठवत असेल तर तोच चालेल. नसेल तर मायक्रोसॉफ्ट खात्यातल्या चाव्या, जुने प्रिंट आणि सेव्ह केलेल्या टेक्स्ट फाइली शोधा. पडद्यावर दिसणाऱ्या 'की आयडी'ची पहिली आठ अक्षरं जुळवूनच चावी निवडा, सी ड्राइव्हची चावी इथे लागत नाही. विंडोज होम असली तरी उघडता येते. चावीही नाही आणि पासवर्डही नाही, तर पैसे घेऊन उघडून देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

प्रश्न : डब्यातून डिस्क काढून डेस्कटॉपला थेट सॅटाने (संगणकाच्या आतल्या डिस्कच्या केबलने) जोडली तर?

उत्तर : शेवटचा उपाय म्हणून. काही डब्यांतला बोर्ड डेटा स्वतःच एन्क्रिप्ट करतो, काही ५१२ बाइटचे सेक्टर ४०९६चे करून दाखवतात. थेट जोडल्यावर चांगली डिस्कही 'रॉ' किंवा 'अनॲलोकेटेड' दिसते आणि माणूस घाबरून नको ते बटण दाबतो. शिवाय अनेक पोर्टेबल डिस्कांत यूएसबीची खाच डिस्कच्याच बोर्डवर असते, सॅटा नसतोच.

प्रश्न : सरळ जुन्या विंडोजवर परत गेलो तर डिस्क दिसेल का?

उत्तर : अपग्रेडनंतर साधारणपणे १० दिवस 'सेटिंग्ज', 'सिस्टीम', 'रिकव्हरी' इथे 'गो बॅक' मिळतं. डिस्क दुसऱ्या संगणकावर नीट चालत असेल आणि वरचे ड्रायव्हरचे उपाय करून झाले असतील, तरच त्याचा उपयोग. दुसरीकडेही दिसत नसेल तर परत जाऊन काहीच बदलणार नाही. आणि डिस्क जोडलेली असताना 'गो बॅक' सुरू करू नका.