घड्याळ आपलं, तरी चोरी

प्रिय,

लॉच्या पहिल्या सेमिस्टरचा तुझा निकाल बाबांकडून कळला. रात्र-रात्र जागूनही मार्क पडत नाहीत, असं तू म्हणतेस. जागलीस हे खरंच. पण जे वाचलंस ते गाईड होतं. मीही पहिली दोन वर्षं गाईडवरच काढली. मग एका मूट कोर्टात, म्हणजे सरावाच्या लुटुपुटूच्या खटल्यात, समोरच्या परीक्षकांनी विचारलं, ‘हे कलमात कुठे लिहिलंय? शब्द दाखवा.’ मला दाखवता आला नाही.

तेव्हा आधी बेअर अॅक्ट, म्हणजे कायद्याचा नुसता मूळ मजकूर. रोज तीन-चार कलमं, पण शब्द सुटे करून. चोरीचंच घे, भारतीय न्याय संहितेचं कलम 303. अप्रामाणिक उद्देश, जंगम वस्तू, कोणाच्या तरी ताब्यातून, संमतीविना, आणि त्यासाठी ती वस्तू हलवणं. ‘मालकीतून’ असं कुठेच नाही, ‘ताब्यातून’ आहे. खाली उदाहरणंही दिली आहेत, गाईडवाले ती हमखास गाळतात. दुरुस्तीला दिलेलं घड्याळ मजुरी थकली म्हणून कारागिराने कायदेशीरपणे ठेवून घेतलं असेल आणि त्याचं तारण बुडवायच्या हेतूने मालकानेच ते उचललं, तर मालकाने चोरी केली! मजुरी देणं नसताना मालकाने ते घेतलं असेल, तर ती चोरी नाही, कारण अप्रामाणिक उद्देश नाही. ही दोन उदाहरणं शेजारी ठेवून वाच. परीक्षेतले प्रॉब्लेमचे प्रश्न असेच काढलेले असतात, एखादी गोष्ट बदलून. ‘परंतु’ने सुरू होणारा मजकूरही सोडू नकोस. पाच हजारांपेक्षा कमी किमतीची चोरी, दोषी ठरण्याची पहिलीच वेळ आणि माल किंवा त्याची किंमत परत केलेली, तर शिक्षा म्हणून समाजसेवा, हे याच कलमातल्या ‘परंतु’त आहे.

वहीत जुनं कलम आणि नवं कलम असे दोन रकाने कर. 1 जुलै 2024 ला भारतीय दंड विधानाच्या जागी न्याय संहिता आली, पण त्याआधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनं दंड विधानच लागतं. आमच्या बोर्डावर, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या यादीत, खुनाचं जुनं ‘तीनशे दोन’ इतक्यात संपणार नाही.

निकालपत्रं वाचताना घाबरू नकोस. राज्यघटनेवरच्या 1973 च्या केशवानंद भारती खटल्याच्या वाटेला आत्ता जाऊच नको. तेरा न्यायाधीश, सात विरुद्ध सहा, पानं शेकड्यांनी. त्यापेक्षा कॉन्ट्रॅक्टमधली मोहोरीबीबीची केस घे, 1903 ची, प्रिव्ही कौन्सिलची, म्हणजे ब्रिटिश काळातल्या शेवटच्या अपिलाच्या कोर्टाची. अज्ञान, म्हणजे कायद्याने अजून सज्ञान न झालेल्या, मुलाने मालमत्ता गहाण टाकून कर्ज काढलं. करार कोणाला करता येतो हे करार कायद्याचं कलम 11 सांगतं. अज्ञानाने केलाच तर तो व्हॉइड (मुळातच रद्द) की व्हॉइडेबल (एका पक्षाला हवं तर रद्द करता येणारा), यावर मात्र ते गप्प आहे. ती गप्प जागा या निकालाने भरली: व्हॉइड. प्रत्येक केसची अशी ‘गप्प जागा’ वहीत लिही. घटना चार ओळींत, प्रश्न एका ओळीत, मग निकाल आणि त्याचं कारण. कारण स्वतःच्या शब्दांत जमलं नाही, तर केस अजून समजलेली नाही.

इंग्रजीचं म्हणशील तर, विचार मराठीत कर, बिनधास्त. कलमाचे मूळ शब्द मात्र इंग्रजीतही तोंडी असू देत. तालुक्याला मराठीत चालून जातं, हायकोर्टाचं कामकाज इंग्रजीत आहे.

उत्तर लिहिताना पहिलं पान कायद्याच्या इतिहासात घालवू नकोस. तपासणारे कंटाळतात, मीसुद्धा कंटाळतो. कलम, त्याचे घटक, दिलेल्या घटनेला ते लागू कसे, केस, निष्कर्ष, बस. आणि घड्याळ लावून हाताने लिही, मोबाईलवर टाइप करून नव्हे.

सोमवारी सुट्टी असेल तर अकराच्या आत कोर्टात ये. एका जुन्या दिवाणी दाव्यात आमची उलटतपासणी आहे, पुकारा झाला तर. मागच्या बाकावर बस आणि सूचक प्रश्न, म्हणजे उत्तर सुचवणारे प्रश्न, कोण, कधी विचारतंय ते मोज. तारीखच पडली, तर कॅन्टीनमध्ये बसून तुझी उत्तरपत्रिका बघू. तिची झेरॉक्स आण.

तुझा,
काका