पंचेचाळिशीतच मेंदूच्या रक्तवाहिन्यांत अमायलॉइड

प्रश्न : माझे दीर 46 वर्षांचे आहेत. मध्यंतरी मेंदूत रक्तस्राव झाला. एमआरआयनंतर डॉक्टरांनी ‘सेरेब्रल अमायलॉइड अँजिओपॅथी’ सांगितलं, म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींत अमायलॉइड नावाचं प्रथिन साचणं. हा तर उतारवयातला आजार ना? यावर औषध काय? 1984 साली, लहानपणी, त्यांच्या डोक्याचं ऑपरेशन झालं होतं. हल्ली हाताला मुंग्या येतात, म्हणून एक परिचित अ‍ॅस्पिरिन सुचवतात.
— एक वाचक भगिनी, इंदूर

उत्तर : अ‍ॅस्पिरिन परस्पर मुळीच देऊ नका. या आजारात मुंग्या बोटांकडून दंडाकडे, कधी ओठांपर्यंत हळूहळू सरकतात आणि काही मिनिटांत थांबतात. मेंदूच्या पृष्ठभागावर झिरपलेलं रक्त हे त्याचं एक कारण. वरवर तो पक्षाघाताचा ‘छोटा अटॅक’ वाटतो, रक्त पातळ करणारी गोळी सुरू होते आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. मुंग्या आल्या की न्यूरोलॉजिस्टना दाखवा. एमआरआयमध्ये एसडब्ल्यूआय तपासणी हवी. जुना, बारीक रक्तस्राव तिच्यातच नीट दिसतो.

साचलेलं अमायलॉइड काढणारं सिद्ध औषध आज नाही. अल्झायमरची नवी इंजेक्शनं अमायलॉइड हटवतात खरी, पण अशा रुग्णात त्यांनीच रक्तस्राव होऊ शकतो.

हातात आहे ते ब्लडप्रेशर. ते 130/80 च्या खाली राहावं. पाच मिनिटं शांत बसून, दंड छातीच्या पातळीवर ठेवून, सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा मोजा आणि वहीत लिहा. मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत. म्हणजे पोह्यांवरची शेव बंद, इंदुरात हे पथ्य अवघडच! अंगदुखीला डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन नको, पॅरासिटामॉल चालेल.

डोकेदुखी, गोंधळलेपण, स्वभावात बदल किंवा फिट काही दिवसांत-आठवड्यांत वाढत गेली, तर रक्तवाहिन्यांना सूज आली असू शकते. हा प्रकार मात्र औषधाला दाद देतो : मिथाइलप्रेडनिसोलोन सहसा रोज 1 ग्रॅम शिरेतून 3 ते 5 दिवस, मग स्टेरॉइडच्या गोळ्या काही महिन्यांत कमी करत न्यायच्या. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडल्या की सूज उलटते. साखरही तपासत राहावी लागते.

ऑपरेशनची माहिती डॉक्टरांना जरूर सांगा. त्या काळी मेंदूच्या आवरणाला मृतदेहातून घेतलेल्या आवरणाचं ठिगळ लावत. त्यातून अमायलॉइडचं बीज शिरून तीन-चार दशकांनी हा आजार झाल्याची उदाहरणं आहेत. जुने कागद मिळाले तर ठिगळ लावलं होतं का ते कळेल. सहवासाने तो पसरत नाही. घराण्यात कमी वयात असे रक्तस्राव झाले असतील, तरच एपीपी या अमायलॉइडशी संबंधित जनुकाच्या तपासणीचा विचार करा. तो दोष असेल तर प्रत्येक अपत्याला 50 टक्के शक्यता असते, म्हणून आधी समुपदेशन घ्या.