टीमक्सचं सेशन सापडत नाही, ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ येतंय. काम गेलं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: उबुंटू २२.०४ च्या डेस्कटॉपवर टीमक्समध्ये (टर्मिनलमधलं काम खिडकी बंद केली तरी चालू ठेवणारा प्रोग्राम) रात्रभर चालणारं काम लावलं, डिटॅच केलं, म्हणजे काम चालू ठेवून त्यातून बाहेर पडलात, आणि सकाळी ‘टीमक्स एलएस’ दिल्यावर ‘एरर कनेक्टिंग टू /टीएमपी/टीमक्स-१०००/डीफॉल्ट (नो सच फाइल ऑर डिरेक्टरी)’ असा संदेश आला. काम अजून चालू असण्याची शक्यता आहे. म्हणून आधी एक विनंती: नवीन टीमक्स सुरू करू नका आणि मशीन रीस्टार्ट करू नका. (कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टाइप मात्र नेहमीसारख्या रोमन अक्षरांतच करा.)

टीमक्समध्ये दोन वेगळ्या प्रोसेस असतात. तुमची सगळी सेशन, विंडो आणि पेन (विंडोचे भाग) सांभाळतो तो सर्व्हर. तो पडद्यामागे चालतो. तुम्ही टर्मिनलमध्ये ‘टीमक्स’ टाइप करता तो क्लायंट. तो सर्व्हरशी एका सॉकेट फाइलमधून (दोन प्रोसेसना जोडणारी खास फाइल) बोलतो, आणि ती फाइल /टीएमपी या तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमध्ये तुमच्या यूजर आयडीच्या फोल्डरात असते. तुम्हाला आलेला संदेश फक्त ती फाइल जागेवर नसल्याचं सांगतो. दारावरची बेल कुणी काढून नेली म्हणून घरातली माणसं गेली असं होत नाही, तसंच हे.

संदेशाचे शब्द नीट वाचा, कारण ‘नो सर्व्हर रनिंग’ हा संदेश वेगळा आहे. तो येतो तेव्हा सॉकेट फाइल जागेवर असते, पण पलीकडे ऐकणारं कोणी नसतं. म्हणजे सर्व्हर खरोखर मेलेला असतो. तुमच्या संदेशात फाइलच नाही, म्हणून आशा आहे.

पहिल्यांदा ‘अपटाइम -एस’ द्या, मशीन कधी सुरू झालं ते कळेल. मशीन रात्रीतून रीस्टार्ट झालं असेल तर विषय संपला. सेशन मेमरीत असतात, ती रीबूटनंतर उरत नाहीत, आणि उबुंटू बूट होताना /टीएमपी रिकामं करतो. मशीन रात्रभर चालूच असेल तर ‘पीग्रेप -ए टीमक्स’ द्या. इथे बरेच जण फसतात, कारण समोर ‘सर्व्हर’ असा शब्द दिसत नाही. पहिलं सेशन ज्या कमांडने सुरू झालं तीच दिसते, उदाहरणार्थ ‘टीमक्स न्यू -एस काम’. तो तुमचा सर्व्हर. त्याचा पीआयडी, म्हणजे ओळीच्या सुरुवातीचा प्रोसेसचा क्रमांक, लिहून ठेवा.

पीआयडी मिळाला पण फाइल नाही, याचा अर्थ कुणीतरी /टीएमपी साफ केलं. सिस्टिमडीचा (उबुंटूतल्या सेवा सुरू-बंद करणारी यंत्रणा) स्वतःचा सफाई करणारा प्रोग्राम चालू सॉकेटला हात लावत नाही, त्यामुळे माझा संशय हाताने दिलेल्या ‘आरएम’वर (फाइल पुसणारी कमांड) किंवा क्रॉनमधल्या, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या, एखाद्या सफाईच्या स्क्रिप्टवर आहे. उपाय टीमक्सच्या मॅन पेजमध्येच (सोबत येणारी माहितीपुस्तिका) दिलेला आहे: सर्व्हरला यूएसआर१ सिग्नल पाठवला की तो सॉकेट पुन्हा तयार करतो. अट एकच, वरचं फोल्डर असायला हवं. ते उडालं असेल तर आधी ‘एमकेडीआयआर -एम ७००’ देऊन तेच नाव परत तयार करा, मग ‘किल -यूएसआर१’ आणि पुढे तो पीआयडी. ‘किल’ नाव पाहून घाबरू नका, इथे ती फक्त सिग्नल पोचवते. त्यानंतर ‘टीमक्स अटॅच’. दरम्यान नवीन टीमक्स सुरू केलेलं असेल तर त्यातलं काम आधी आटपा, कारण जुना सर्व्हर तीच जागा परत घेतो आणि नवीन सर्व्हर तसाच बाहेर राहतो.

फाइल नाही असं वाटण्याचं आणखी एक साधं कारण म्हणजे तुम्ही चुकीच्या जागी बघताय. सेशन ‘सुडो’ने सुरू केलं असेल तर ते रूटच्या (मुख्य प्रशासक यूजरच्या) फोल्डरात, म्हणजे टीमक्स-० मध्ये आहे. सुरू करताना मोठ्या ‘एल’चा पर्याय देऊन वेगळं नाव ठेवलं असेल तर दर वेळी तेच द्यावं लागतं. ‘सुडो एसएस -एक्सएलपी’च्या यादीत टीमक्स शोधलंत की खरा पत्ता कळतो.

आता सर्व्हरच मेला असेल तर. डेस्कटॉपवर याची दोन कारणं मी पुन्हा पुन्हा पाहतो, आणि दोन्ही समजून घेण्यासारखी आहेत. पहिलं लॉगआउट. टर्मिनलची खिडकी बंद केल्याने टीमक्सला काही होत नाही, पण ग्नोममधून (उबुंटूचा डेस्कटॉप) लॉगआउट केलं की होतं. सिस्टिमडीच्या २३० व्या आवृत्तीत (२०१६) लॉगआउटला यूजरच्या सगळ्या प्रोसेस मारणं हे डीफॉल्ट झालं, तेव्हा बराच वाद झाला. डेबियन आणि उबुंटूने ते बंद ठेवलं, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण ग्नोम टर्मिनलमधून सुरू झालेलं सगळं तुमच्या यूजर मॅनेजरखाली (सिस्टिमडीचा तुमच्या यूजरपुरता भाग) चालतं, आणि शेवटचं लॉगआउट झाल्यावर तो मॅनेजरच थांबतो. टीमक्स त्याच्यासोबत जातं. एकदाच ‘लॉगिनसीटीएल एनेबल-लिंगर’ दिलंत की तो मॅनेजर लॉगआउटनंतरही चालू राहतो. रात्री नुसती स्क्रीन लॉक केली तर हा प्रश्न येत नाही.

दुसरं कारण मेमरी. उबुंटू डेस्कटॉपवर २२.०४ पासून सिस्टिमडी-ऊमडी हा मेमरीवर लक्ष ठेवणारा प्रोग्राम चालू असतो. मेमरीवर ताण आला की तो एक प्रोसेस न निवडता अख्खा सीग्रुप (एकत्र बांधलेल्या प्रोसेसचा गट) मारतो. टर्मिनलचा टॅब, टीमक्स सर्व्हर आणि त्यातलं जड काम एकाच सीग्रुपमध्ये असेल तर सगळंच एकदम जातं. ‘जर्नलसीटीएल -यू सिस्टिमडी-ऊमडी’ने दिसणाऱ्या नोंदींमध्ये ‘किल्ड’ अशी ओळ शोधा. पुढच्या वेळी पेनच्या आत जड काम ‘सिस्टिमडी-रन --यूजर --स्कोप’ लावून सुरू करा. मेमरी संपलीच तर तेवढंच मारलं जाईल, टीमक्स आणि बाकीची पेन राहतील. आउटपुट ‘टी’ (टी-ई-ई) कमांडने एखाद्या फाइलमध्येही लिहून घ्या. एवढी सवय मात्र नक्की लावून घ्या, कारण रीबूटनंतरही ती फाइल हातात असते.

सेशन परत मिळाल्यावर खिडकीभोवती ठिपके दिसले तर तेच सेशन दुसरीकडे, छोट्या खिडकीत उघडं आहे. ‘टीमक्स अटॅच -डी’ देऊन तिकडचं सोडवा. आणि रात्रीतून टीमक्स अपडेट होऊन ‘प्रोटोकॉल व्हर्जन मिसमॅच’ आलं तर जुन्या सर्व्हरशी जुना प्रोग्रामच बोलू शकतो. तो /प्रोक/पीआयडी/ईएक्सई या वाटेवर (पीआयडीच्या जागी सर्व्हरचा क्रमांक) अजून असतो, त्यालाच ‘अटॅच’ द्या.

पीग्रेप आणि जर्नलसीटीएलच्या ओळी इथे टाका, म्हणजे तुमच्याकडे यातलं नेमकं काय झालं ते सांगता येईल.