प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्यांसाठी

एम.एस्सी.साठी रसायनशास्त्र विभागात प्रवेश घेतला असेल, तर सर्वप्रथम सोलापूरचा उन्हाळा ध्यानात घ्यावा. डायएथिल ईथर हे ज्वालाग्राही द्रावक सुमारे ३५ अंश सेल्सिअसला उकळते आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी सहज ओलांडतो. म्हणजे तापलेल्या खोलीत ती बाटली शेगडीविनाच उकळीला आलेली असते. तिची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ओट्यावरून सरकत दूरच्या बर्नरपर्यंत पोहोचते आणि ज्योत तिथून उलट बाटलीकडे धावते. म्हणून ईथर काढण्यापूर्वी केवळ आपलाच नव्हे, तर शेजाऱ्याचाही बर्नर विझला आहे ना, हे पाहावे, आणि बाटली बर्फात गार करून फ्यूम हूडमध्येच (वाफा बाहेर खेचून घेणाऱ्या कपाटात) उघडावी. अमोनियाची बाटलीही अशीच गार करून हूडमध्ये उघडावी.

ॲप्रन सुतीच घ्यावा, कारण पॉलिस्टर आगीत वितळून कातडीला चिकटते. (चादरी-टॉवेलांच्या गावात सुती कापडाची वानवा नाही.) नंबरचा चष्मा असला तरी वरून गॉगल हवाच.

डोळ्यात आम्ल किंवा अल्कली उडाल्यास किमान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुवावा लागतो. टंचाईच्या दिवसांत टाकी कोरडी असू शकते, त्यामुळे नळ सोडून पाहिल्याशिवाय मी कामाला हात लावत नाही. विद्यार्थिदशेत घाईघाईत संहत सल्फ्युरिक आम्लात पाणी ओतले होते, त्याचा डाग मनगटावर अजून आहे; आम्ल नेहमी पाण्यात, थोडेथोडे ओतून ढवळत मिसळावे.