जागतिक पर्यावरणाचे प्रश्न वर्गात आणण्यासाठी शिक्षकांना कशी मदत करावी?

तुम्ही विचारलंय, की तुमच्या गटाला शाळेतल्या शिक्षकांसाठी या विषयावर एक दिवसाचं प्रशिक्षण घ्यायचं आहे, तर त्यात काय ठेवावं. मी बावीस वर्षं विज्ञान शिकवतोय आणि अशी प्रशिक्षणं भरपूर बसून काढली आहेत. तिथल्या एकाही स्लाइडचा वर्गात उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो एका मुलीच्या प्रश्नाचा.

नववीचा वर्ग होता. फळ्यावर पृथ्वी काढली, भोवती ओझोनचा थर, त्याला छिद्र आणि छिद्रातून आत घुसणारे सूर्याचे बाण. यामुळे तापमान वाढतं, असं सांगितलं. दरवर्षी तसंच सांगत आलो होतो. मागच्या बाकावरून एकीने विचारलं, "सर, छिद्रातून उष्णता आत येते तर बाहेरही जाईल ना? मग पृथ्वी गार का होत नाही?"

मला उत्तर देता आलं नाही. उद्या सांगतो म्हणालो आणि रात्री वाचत बसलो. आकृतीच चुकीची होती. ओझोन अडवतो ते अतिनील किरण, थर विरळ झाला की धोका त्वचेला आणि डोळ्यांना. पृथ्वी तापते ती जमिनीवरून परत फिरणारी अवरक्त उष्णता कार्बन डायऑक्साइडसारखे वायू धरून ठेवतात म्हणून. दोन वेगळे प्रश्न मी एकाच बाणात कोंबले होते.

दुसऱ्या दिवशी मुलांना सरळ सांगितलं, काल मी चुकीचं शिकवलं. आकृती पुसली. मग प्रश्नांना जी सुरुवात झाली ती चार तासिका थांबली नाही. छिद्र पाडलं कोणी? फ्रीजमधल्या आणि फवाऱ्याच्या डब्यांतल्या सीएफसी (क्लोरोफ्लुरोकार्बन) वायूंनी. कळलं कसं? 1974 मध्ये मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी धोका मांडला, 1985 मध्ये ब्रिटिश संशोधकांनी अंटार्क्टिकावरचा थर विरळ झाल्याचं मोजून दाखवलं आणि 1987 मध्ये सीएफसी कमी करण्याचा मॉन्ट्रियल करार झाला. पुढे जगातल्या सगळ्या देशांनी तो मान्य केला आणि थर आता हळूहळू भरून येतोय. एक मुलगा एकदम म्हणाला, "म्हणजे हे दुरुस्त होतं?" तोवर या मुलांनी पर्यावरण म्हणून रडणारी पृथ्वीच रंगवली होती, स्पर्धेपुरती.

शिक्षक खोलीत एका वरिष्ठांनी गाठलं. "चार तास एका छिद्रावर घालवलेस आणि वर चुकलो म्हणून कबूल केलंस. अशाने वचक राहतो का?" मी तेव्हा गप्प बसलो, ते अजून सलतं. त्या वर्गाने पुढे वर्षभर मला जेवढं विचारलं, तेवढं आधीच्या कुठल्याच वर्गाने विचारलं नव्हतं. असा वचक गेला तर जाऊ दे.

म्हणून तुमच्या प्रशिक्षणात माहितीचा मारा नको. हवाईमधल्या मौना लोआ वेधशाळेतल्या, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या नोंदींचा एक आलेख द्या. 1958 मध्ये दर दहा लाख भागांत 315 च्या आसपास, आता 420 च्या पुढे. रेघ चढत जाते, पण तिला करवतीसारखे दाते आहेत. दरवर्षी ती थोडी खाली का येते, हे शिक्षकांनाच विचारा आणि तासभर वाद घालू द्या. (उत्तर गोलार्धात जमीन आणि झाडी जास्त, तिथल्या उन्हाळ्यात झाडं हा वायू शोषून घेतात. पण हे शेवटी सांगा.)

आणि मुख्याध्यापकांना त्याच खोलीत बसवा. अभ्यासक्रम पुरा व्हायला हवा हे मान्य, पण चार तासिका कुठून मिळणार ते त्यांनी तिथेच लिहून द्यावं. देणार नसतील तर त्या शाळेवर दिवस घालवू नका.

दोन गोष्टी राहिल्या. सीएफसी स्वतःही उष्णता अडवतात, त्यामुळे दोन्ही प्रश्न अगदीच सुटे नाहीत. आणि ओझोनचं काम त्यामानाने सोपं होतं. सीएफसी बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या होत्या आणि पर्याय सापडले. कार्बन तर वीज, वाहनं, सिमेंट सगळ्यात आहे. मुलांना आशा दाखवताना हा फरकही दाखवायला हवा. प्राथमिकला मी कधी शिकवलेलं नाही, तिथल्यांसाठी वेगळ्या कोणाला विचारा.

सुरुवात मात्र माझ्या त्या चुकीच्या आकृतीने करा. जशीच्या तशी फळ्यावर काढा, काही बोलू नका, आणि किती शिक्षक ती वहीत उतरवून घेतात ते बघा.